हरलेला डाव मुलाने पुन्हा पाहावा का?

“स्पर्धेत हरल्यावर मुलगा तो डाव पुन्हा मांडायला तयारच होत नाही, आग्रह केला तर रडतो; मग ही उजळणी बंद करावी का?” बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांचे पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. याच काळजीने आलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलाचा अनुभव, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे देत आहे.

त्यांच्या घरी फेरी संपली की वडील मोबाइलवरील इंजिनमध्ये, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्राममध्ये, चाली भरत, इंजिन चुकांवर लाल खुणा करी आणि प्रत्येक खुणेपाशी “हे कसे दिसले नाही?” असा प्रश्न येई. वडिलांची तळमळ खरी होती. मुलाच्या पदरात मात्र पराभवाबरोबर स्वतःच्या चुकांची यादीही पडत होती. कोणती चाल अधिक चांगली होती हे इंजिन अचूक सांगते, परंतु चुकीची चाल खेळताना मुलाच्या मनात काय चालले होते हे त्याला कळू शकत नाही, आणि माझ्या मते उजळणीचा खरा विषय तोच आहे.

म्हणून मी सुचवले की डाव दुसऱ्या दिवशी, त्याने एकट्याने, स्पर्धेत लिहिलेल्या स्कोअरशीटवरून, म्हणजे चालींच्या नोंदीवरून, पटावर मांडावा. जेथे तो विचारात अडकला होता तेथे त्या वेळचे विचार जसेच्या तसे वहीत लिहावेत आणि इंजिन त्यानंतरच लावावे. सुरुवात जिंकलेल्या डावापासून करावी. वडिलांना ही पद्धत फारच सौम्य वाटली, तेव्हा मी त्यांना १९४८ साली जगज्जेते झालेल्या मिखाईल बोट्विनिक यांच्याविषयी सांगितले. स्वतःच्या डावांवर टिपणे लिहून ती इतरांच्या टीकेसाठी खुली करावीत, असा त्यांचा आग्रह होता. कार्पोव आणि कास्पारोव हे पुढचे जगज्जेते त्यांच्याकडे शिकले होते.

वहीतून जे पुढे आले ते आम्हा कोणालाच अपेक्षित नव्हते. एका डावात मुलाकडे एक प्यादे जास्त असताना त्याने घाईने हत्तींची मारामारी केली, म्हणजे आपला हत्ती देऊन प्रतिस्पर्ध्याचा हत्ती घेतला. मग प्रतिस्पर्ध्याचा राजा उरलेल्या प्याद्याची वाट अडवून बसला आणि डाव बरोबरीत सुटला. त्या चालीपाशी त्याने लिहिले होते, “मी जिंकत आहे, बिघडण्याआधी संपवून टाकू.” याच अर्थाची वाक्ये इतर डावांतही, बहुधा तो वरचढ असतानाच, सापडली. म्हणजे तो कमी पडत होता तो चाली दिसण्यात नव्हे, तर हाती आलेली आघाडी सांभाळताना वाटणारी धास्ती सोसण्यात. ती धास्ती घरच्या प्रश्नांशी कशी जोडलेली आहे, हे त्याने वडिलांसमोर स्वतःच सांगितले. प्रशिक्षकांनी त्याच सुमारास हत्ती-प्याद्यांच्या अंतिम टप्प्याचा सराव सुरू केला, याचाही मोठा उपयोग झाला.

हरल्यावर तो अजूनही रडतो, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही. उजळणी बंद करू नये, ती मुलाच्या हाती द्यावी आणि त्याने वही दाखवेपर्यंत पालकांनी थांबावे. मात्र पराभवानंतर अनेक दिवस झोप किंवा जेवण बिघडत असेल, अथवा मूल स्वतःला निरुपयोगी म्हणू लागले असेल, तर डाव बाजूला ठेवून आधी समुपदेशकाला भेटावे.