पाच गुंठे आणि मेहुण्याचं नाव

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली, फोटोही पाहिले. मुलगी चांगली, घरचे चांगले, गाव चांगलं. मेरापी ज्वालामुखी स्वच्छ दिसतो ती सकाळ तर काय विचारावी. यातलं काही मला पटवून द्यायची गरज नाही. मीही इंडोनेशियातल्या, जावा बेटावरच्या या क्लातेनचाच जावई आहे आणि इथेच म्हातारा झालो. तू विचारलंस ते एवढंच, की तिच्या घराला लागून असलेली पाचशे चौरस मीटर जागा, म्हणजे आपले पाच गुंठे, तुझ्या पैशाने तिच्या भावाच्या नावावर घ्यावी का.

नको. पुढचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल, पण नको.

इथला जमिनीचा मूळ कायदा 1960 चा. पूर्ण मालकी, ज्याला इथे 'हक मिलिक' म्हणतात, ती फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. परदेशी माणसाला मालकी मिळावी म्हणून सरळ किंवा आडमार्गाने केलेला व्यवहार कलम 26 प्रमाणे मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागायची सोय नाही. तू लिहितोस, 'पण सगळेच करतात.' करतात ना. बालीत तर दुकान मांडून करतात. करारपत्र देतात, मुखत्यारपत्र देतात, तू त्या भावाला कर्ज दिलंस असंही कागदावर दाखवून देतात. उद्या कोर्टात उभा राहिलास की ही सगळी चळत एकच गोष्ट सिद्ध करते, तू कायदा चुकवत होतास ही. कागदावर तुझं नाव नाही, तर घर तुझं नाही. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळलास तरी.

आणि इथल्या लोकांच्या नावाने बोटं मोडू नकोस. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सुखासुखी घेता येते का? तिच्या भावाला उद्या कोकणात आंब्याची बाग घ्यावीशी वाटली तर आपण देणार आहोत का? मग यांनी का द्यावी? जावात पंधरा कोटी माणसं आणि जागा महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. इथली शेतजमीन तर त्याच तालुक्यात, फार तर लगतच्या तालुक्यात राहणाऱ्यानेच ठेवावी असा नियम 1961 पासून आहे. जकार्तात बसलेल्या जावानीज माणसालाही तो लागू. पाळतात किती, हा वेगळा विषय.

'तिचा भाऊ फसवणारा नाही' असं तू लिहिलंयस. अरे, मी कुठे म्हटलं फसवणारा आहे? सज्जन माणूस मरत नाही का? त्याचं लग्न होत नाही? त्याला कर्ज होत नाही? त्याच्या बायकोने, मुलांनी तुझ्याशी काही करार केलेला नसतो.

आमचंच सांगतो. आमचं लग्न झालं तेव्हा मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार आधी करायचा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तो करार नसला की लग्नानंतर घेतलेलं सगळं दोघांचं. आणि दोघांतला एक परदेशी, म्हणून इथेच जन्मलेल्या माझ्या बायकोलाही हक मिलिकने जमीन घेता येईना. 2016 साली इथल्या घटना न्यायालयाने असा करार लग्नानंतरही करायची मुभा दिली. तोवर आमच्या अंगणालगतचा तुकडा विकलाही गेला होता. मेहुणा म्हणत होता, माझ्या नावावर घ्या. मी नाही म्हटलं. आज तिथे मिनीमार्केट आहे आणि त्याच्या पाटीचा उजेड रात्रभर आमच्या खोलीत येतो. पडदा ओढताना बायको कधीकधी माझ्याकडे बघते. बघू दे! मेहुणा पुढे वारला, त्याच्या मुलांची वाटणी अजून मिटलेली नाही. आमचा तुकडा त्या भांडणात असता तर मी भाच्यांसमोर कुठल्या तोंडाने गेलो असतो? नातं राहिलं. जागा गेली, जाऊ दे.

करार झाला, मग राहतं घर तिच्या एकटीच्या नावावर झालं. ती आधी गेली, तर वारसाने माझ्याकडे जे येईल ते वर्षाच्या आत मला सोडावं लागेल. मुलगी इथली नागरिक आहे, तिच्याकडे जाईल. सांगलीचे भाऊ मला घरजावई म्हणतात. म्हणोत. कागदावर माझं नाव नाही, म्हणून हे घर माझं नाही, आणि ते माझं आहे असं मी कुणाला भासवतही नाही.

परदेशी माणसाला कायद्याने मिळणारा वापरहक्कही आहे, 'हक पाकाय': 2021 च्या नियमांप्रमाणे 30 वर्षं, मग 20, मग 30. त्यासाठी इमिग्रेशनचे वैध कागद हवेत, शिवाय किमतीच्या किमान मर्यादा आहेत. खेड्यातल्या पाच गुंठ्यांसाठी त्या वाटेला जाऊ नकोस. घर भाड्याने घे. इथे भाडं वर्षाचं ठरतं आणि एकरकमी आधी द्यावं लागतं. तू जागेच्या विसारासाठी जी रक्कम बाजूला ठेवली आहेस तिच्यात बहुधा सहज बसेल.

पण त्याच्याही आधी नुसता ये. भारतीयाला विमानतळावर 30 दिवसांचा व्हिसा मिळतो, तो एकदा आणखी 30 दिवसांनी वाढतो. फी पाच लाख रुपिया, दचकू नकोस, आपले तीन हजारांच्या आत. लेबारानला, म्हणजे त्यांच्या ईदला, येऊ नकोस. सारी जावा गावाकडे निघालेली असते, तिकिटं नसतात, आणि तिच्या आईला तुझ्याकडे बघायलाही वेळ नसेल. साध्या महिन्यात ये. आल्या दिवशी पासपोर्टची झेरॉक्स घेऊन पाक आरटीकडे जा. आरटी म्हणजे आळीचा प्रमुख. पाहुण्याने 24 तासांत कळवायचं ही पाटी तुला आळीच्या तोंडाशीच दिसेल. तिच्या वडिलांबरोबर जा, एकटा नको.

कुणाकडे कंदुरी, म्हणजे दुआचं कार्य, असली तर बोलावणं येईल. रात्रीच्या नमाजानंतर पुरुष चटयांवर भिंतीला धरून मांडी घालून बसतात, गावचा मोदिन, म्हणजे धर्मकार्य बघणारा माणूस, दुआ म्हणतो, सगळे हात वर करून आमीन म्हणतात, आणि बघता बघता आटोपतं. भात, अंडं, नूडल्स, सोयाबीनचं टेंपे असं भरलेलं खोकं हातात मिळतं, ते घरी न्यायचं असतं. तिथेच उघडून बसू नकोस. मी बसलो होतो. लग्नाला गेलास तर पाकिटावर नाव लिही. कुणी किती दिले ते वहीत उतरतं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं परत जातं, आपल्या आहेरासारखंच. गावात तुझं नाव आधी त्या वहीत चढू दे.

आणि भाषा शीक. बाजारात चालते ती इंडोनेशियन नव्हे, वडीलधाऱ्यांशी बोलायची जावानीज, 'क्रोमो'. मी कारखान्यात इंडोनेशियनवर भागवलं. सासरे वारले तोवर आमचं बोलणं बायकोमार्फतच चाललं. ते काय सांगत होते त्यातलं निम्मं ती गाळायची, हे मला आता वाटतं. जमीन राहिल्याचं मला काही नाही. हे राहिलं त्याचं आहे.

आता त्या फोटोतल्या कागदाबद्दल. ते सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट म्हणजे गरुडाचं चिन्ह असलेलं हिरवं पुस्तक, हल्ली डिजिटलही निघतं. तू पाठवलास तो पेतोक आहे, जुन्या जमीनकराचा कागद. त्याने मालकी ठरत नाही. शिवाय त्यावर नाव आजोबांचं. आजोबांना मुलं किती, मुली किती, त्यातलं कुणी सुमात्रात लाम्पुंगला जाऊन वसलं का, हे तिच्या वडिलांना विचार. विकायचं तर त्या सगळ्यांच्या सह्या लागतील. तुझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी विचार. सरकारने 2017 पासून गावोगावी सर्टिफिकेट करून द्यायची मोहीम चालवली आहे, त्यात त्यांची स्वतःची जागा तरी झाली का ते बघ.

कागदाची मागची बाजू पाठवली नाहीस. ती पाठव. फोटो दिवसाउजेडी काढ, आकड्यांवर हाताची सावली पडली आहे.

तुझा,
काका