हे काय चाललंय भिंतीवर?

प्रश्न : ताई, आमच्या बाथरूमच्या भिंतीवर आणि कपाटामागे भोपळ्याच्या बीसारखं चपटं, राखाडी काहीतरी चिकटलेलं असतं. आधी वाटलं प्लास्टर सुटतंय, झाडूने पाडून टाकायचे. परवा बघते तर ते सरकत होतं! मिस्टर म्हणतात तुला भास होतात. फोटो पाठवलाय. पेस्ट कंट्रोल करून घेऊ का? (डोंबिवली)

उत्तर : भास नाही हो, मिस्टरांना आधी हे वाचायला द्या. पण तुमच्या त्या पहिल्या फोटोबद्दल खरं सांगू का, त्यात अख्खी भिंत होती आणि मधे एक ठिपका, तो डाग असेल, बी असेल नाहीतर पालीची लेंडी असेल, कोण सांगणार! म्हणून तुम्हाला परत त्रास दिला की शेजारी रुपयाचं नाणं धरून जवळून फोटो काढा आणि सरकताना दिसलं तर व्हिडिओ घ्या. तुम्ही रात्री साडेअकराला बाथरूममधे उभं राहून व्हिडिओ घेतलात त्याबद्दल खरंच थँक्यू, कारण त्यातच सगळं आहे. एका टोकातून बारीक तपकिरी डोकं बाहेर येतं, पुढचे पाय भिंतीला टेकवतं आणि मागचं घर फरफटत ओढून घेतं. तुमचं नाणं लागल्यावर सुळकन आत जातं. आणि मग काय गंमत, थोड्या वेळाने तेच डोकं दुसऱ्या टोकातून बाहेर आणि गाडी रिव्हर्स!

हा व्हिडिओ मी पतंगांचा नाद असलेल्या एका मित्राला दाखवला. त्याचं लगेच एका ओळीत उत्तर, "दोन्हीकडून दार आहे ना, मग फेरिओइका." इंग्रजीत याला हाउसहोल्ड केसबेअरर किंवा प्लास्टर बॅगवर्म म्हणतात. म्हणजे एका छोट्या करड्या पतंगाची अळी. ती स्वतः काढलेल्या रेशमाला वाळूचे कण, धूळ, भिंतीचा चुरा चिकटवत घर बांधते, म्हणून तुम्हाला ते प्लास्टर वाटलं आणि एका अर्थी ते आहेच. मधे फुगीर असतं ते आत वळता यावं म्हणून. नेमकी प्रजाती कोणती ते मित्राने सांगितलं नाही, मीही हट्ट केला नाही, नुसत्या घरावरून तेवढं सांगू नयेच.

चावत नाही, डसत नाही. जुनी जळमटं, मेलेले किडे, केस, लोकर हे तिचं जेवण आणि दमट जागा आवडते. तेव्हा पेस्ट कंट्रोलचे पैसे वाचवा, कपाट पुढे ओढून जळमटं काढा, बाथरूमची खिडकी उघडी ठेवा. लोकरीचे स्वेटर तेवढे बघून घ्या.

प्रश्न : आंब्याच्या झाडावर हुमल्यांच्या (झाडावरच्या लाल मुंग्यांच्या) रांगेजवळ एक जरा वेगळी मुंगी दिसली. ॲपने मुंगी सांगितली, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ जणांनी पण मुंगीच म्हटलं, एकटा पोरगा म्हणतो कोळी आहे. कोणाचं ऐकायचं? (सावंतवाडी)

उत्तर : पोराचं ऐका, आणि त्याला एक कटिंग पाजा माझ्याकडून. तो मुंगीची नक्कल करणारा उडी मारणारा कोळी आहे, मिरमाप्लाटा. हुमले कडकडून चावतात म्हणून पक्षी-बिक्षी त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत, हा त्यांचाच वेष घेऊन फिरतो. रंग तोच, कंबर तशीच बारीक, आणि पुढचे दोन पाय वर धरून हलवतो की वाटावं मुंगीच्या मिशा आहेत. वरून काढलेल्या फोटोत ॲप फसणारच, ते बिचारं जुन्या फोटोंशी चेहरा जुळवतं, पाय मोजत बसत नाही. तुमचा तिसरा फोटो बाजूने आहे, तो झूम करा. पाय आठ आणि समोर हेडलाइटसारखे दोन मोठे डोळे. मुंगीला पाय सहा आणि डोळे बाजूला. परत दिसला तर काडीने हळूच ढोसा, बऱ्याचदा धागा सोडून खाली लोंबतो, मुंगी असं करेल का?

आता आठ विरुद्ध एक. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे फोटोवरून जीव ओळखायच्या वेबसाइटवर, ओळख पक्की मानायला दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत लागतं, ते ठीकच आहे. पण ग्रुपवर काय होतं माहितीये ना, पहिल्याने मुंगी लिहिलं की बाकीचे अंगठा दाखवून मोकळे. तुमच्या पोराने "पाय मोजा" असं लिहिलं होतं. बाकी आठांपैकी कोणी कशावरून ते लिहिलंच नाही. मी तर अशा वेळी सरळ विचारते, बाबा रे, कशावरून?

प्रश्न : मुलाच्या मानेवर रात्रीतून लाल पट्टा उठलाय, आग होतेय, बारीक फोड आलेत. आई म्हणतात कोळी मुतला. पुरळाचा फोटो पाठवतेय, किडा कोणता ते सांगा. (चिपळूण)

उत्तर : पुरळ बघून किडा ओळखता येत नाही, आणि मी डॉक्टर पण नाही, तेव्हा आधी त्याला दाखवून घ्या, डोळ्याजवळ पसरलं तर आजच. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय की परवा ट्यूबलाइटखाली नारिंगी-काळे मुंगीसारखे लांबट किडे खूप आले होते, ते आधी सांगायचं ना! ते पेडेरस नावाचे छोटे भुंगेरे असण्याची बरीच शक्यता आहे. तो चावत नाही, डसत नाही, पण मानेवर बसला आणि आपण झोपेत चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागतं आणि साधारण एक-दोन दिवसांनी पट्टा उठतो. तोवर किडा गायब, आणि आळ बिचाऱ्या कोळ्यावर. सासूबाईंना दुखवू नका, आमच्या घरी पण हेच म्हणायचे. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, चिरडलाच गेला तर लगेच साबणाने धुवा. आणि पावसाळ्यात पलंगावरचा लाइट लवकर घालवा.

प्रश्न : व्हरांड्यात दोन तळहातांएवढा तपकिरी पतंग कालपासून बसलाय, पंखांच्या टोकाला सापाचं तोंड. दुर्मीळ आहे का? त्याला काय खायला द्यावं? (देवरुख)

उत्तर : ॲटलास पतंग. पंख पसरून 24 सेंटिमीटरपर्यंत भरतात, मोजायचं असेल तर लांबूनच पट्टी धरा. पेपरात दर पावसाळ्यात "दुर्मीळ पतंग आढळला" म्हणून याचा फोटो येतोच, कोकणात तितका काही दुर्मीळ नाही. खायला काही देऊ नका. याचं सगळं खाणं अळी असतानाच उरकलेलं असतं, आता चालणारं तोंडच नाही. रात्री व्हरांड्याचा दिवा बंद ठेवा, जाईल तो.