वाचकांचे प्रश्न : शोपेनहौअर आणि गटे

प्रश्न : एम.ए.च्या पेपरसाठी जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौअर आणि जर्मन कवी-नाटककार गटे (Goethe) यांच्या जीवनदृष्टीची तुलना करायची आहे. एक निराशावादी, दुसरा आशावादी, एवढं लिहिलं की पुढे गाडी अडते. सुरुवात कुठून करू?

उत्तर : दोघांनाही मान्य असलेल्या गोष्टीपासून करा : माणसाचं समाधान टिकत नाही. शोपेनहौअरच्या ‘द वर्ल्ड अॅज विल अँड रिप्रेझेंटेशन’ या मुख्य ग्रंथाच्या (१८१८) चौथ्या भागातलं ५७ वं कलम काढा. इच्छा अपुरी राहिली तर दुःख, पुरी झाली तर कंटाळा. आयुष्याचा लंबक या दोहोंमध्ये झुलतो. सगळ्या यातना नरकात टाकल्यावर स्वर्गासाठी माणसाकडे कंटाळाच उरला, हा टोमणाही तिथलाच.

आता गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकाच्या पहिल्या भागातली (१८०८) पैज वाचा. ‘थांब, तू किती सुंदर आहेस’ असं एखाद्या क्षणाला म्हणालो तर मी तुझा, असं नाटकाचा नायक फाउस्ट सैतानाला सांगतो. म्हणजे शोपेनहौअर ज्याला रोग म्हणतो, त्या अतृप्तीवरच इथे माणसाची सुटका टांगलेली आहे. निबंधाचा कणा हाच धरा.

बहुतेकजण पहिला भाग वाचून थांबतात आणि तिथेच फसतात. दुसऱ्या भागाचा (१८३२) पाचवा अंक वाचल्याशिवाय लिहायला बसू नका. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या फाउस्टला एका म्हाताऱ्या जोडप्याची झोपडी खुपते. त्यांना दुसरीकडे हलवा, असं तो सांगतो. सैतानाची माणसं झोपडीच जाळतात आणि म्हातारा-म्हातारी मरतात. पुढे आंधळा झालेला फाउस्ट फावड्यांचा आवाज ऐकून खूश होतो, त्याला वाटतं आपला कालवा खणला जातोय. प्रत्यक्षात त्याचीच कबर खणली जात असते. तरीही देवदूत त्याला वर नेतात : जो सतत धडपडतो त्याला आम्ही सोडवू शकतो. आमच्या मते गटेच्या आशावादाची खरी परीक्षा त्या जळालेल्या झोपडीपाशी आहे. तिचा हिशेब देवदूत देत नाहीत.

आणखी दोन चुका नेहमी दिसतात. शोपेनहौअर आत्महत्येचा पुरस्कार करतो, असं लिहू नका. ६९ व्या कलमात तो तिला विरोध करतो, कारण आत्महत्या करणाऱ्याला जगणं हवंच असतं, फक्त मिळालेली परिस्थिती नको असते. त्याच्या वाटा वेगळ्या : कला, करुणा आणि शेवटी इच्छेचाच नकार. दुसरं, आशावादी म्हणजे सुखी माणूस, असं धरू नका. पंचाहत्तर वर्षांत चार आठवडेही खरं स्वास्थ्य मिळालं नाही, असं गटेने २७ जानेवारी १८२४ रोजी आपला सहकारी एकरमान याला सांगितलं. ही तारीख निबंधात जरूर घाला.

प्रश्न : दोघांची ओळख होती का? आणि मराठीत यावर काही आहे का?

उत्तर : चांगली ओळख होती. शोपेनहौअरची आई गटेच्याच गावी, जर्मनीतल्या वायमारमध्ये राहायची आणि गटेचं तिच्याकडे जाणंयेणं होतं. १८१३-१४ च्या हिवाळ्यात गटेने या पंचविशीतल्या पोराला आपल्या रंगसिद्धांताच्या कामात ओढलं. १८१६ मध्ये पोराने रंगांवर स्वतःचं पुस्तक काढलं, तेही गुरूला न पटणारं. १८१४ मध्ये गटेने त्याच्या वहीत दोन ओळी लिहिल्या होत्या. आशय असा : स्वतःच्या मोलाचा आनंद हवा असेल, तर आधी जगाला मोल दे.

मराठीत टिळकांच्या ‘गीतारहस्या’तलं (१९१५) ‘सुखदुःखविवेक’ हे प्रकरण पाहा. शोपेनहौअरची दखल तिथे घेतलेली आहे.