अलीकडे कोणते चित्रपट पाहिलेत आणि ते कसे वाटले?

ठरवलं नव्हतं, पण लागोपाठ तीन चित्रपट खटल्यांवरचेच पाहिले गेले: '१२ अँग्री मेन' (१९५७), चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) आणि फ्रेंच 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' (२०२३). निकाल काय लागणार याची उत्सुकता मला तिन्हींत फार वेळ टिकली नाही. माणसं बोलत असताना कॅमेरा कुठे उभा आहे, याकडेच लक्ष जात राहिलं.

'१२ अँग्री मेन' हा दिग्दर्शक सिडनी लुमेटचा पहिलाच चित्रपट. ज्युरीतले, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेले, बारा सामान्य नागरिक आणि जवळपास सगळा वेळ एकच खोली. कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या वरून पाहतो, मग डोळ्यांच्या पातळीला येतो, शेवटी त्याहूनही खाली जातो. छत दिसू लागतं, भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात. ही युक्ती ठाऊक असूनही गुदमरायला होतंच. मुलाचा फोटो फाडून कोसळणारा ज्युरर मात्र मला नाटकी वाटला. तोवर मुद्द्यांवर चाललेलं भांडण तिथे फारच स्वस्तात मिटतं.

'कोर्ट' मध्ये कॅमेरा सहसा हलतच नाही. एका लोकशाहिरावर आरोप आहे, की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. त्या कामगाराच्या बायकोची साक्ष मी मागे नेऊन पुन्हा पाहिली. गटारात उतरण्याआधी तो आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर खाली श्वास घेता येईल असं समजायचा. ती हे अगदी सपाट आवाजात सांगते. रडणं नाही, पार्श्वसंगीत नाही. पुढे वकील पैसे देऊ करतो, तर ती नको म्हणते आणि काम असेल तर सांगा म्हणते. सरकारी वकीलबाईंना दिग्दर्शकाने खलनायिका केलेलं नाही, हेही आवडलं. त्या आपल्या मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात. गीतांजली कुलकर्णींचं काम इतकं सहज आहे, की त्यांचा राग धड करताच येत नाही. शेवट कुणाकडून ऐकू नका. (पहिल्या वेळी काही जणांना चित्रपट संथ वाटतो, वीस मिनिटं कळ काढा.)

'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' अडीच तासांचा आहे आणि मध्ये थोडा रेंगाळतो. पण नवरा-बायकोच्या भांडणाचं ध्वनिमुद्रण न्यायालयात ऐकवतात, तो प्रसंग विलक्षण आहे. भांडण आपल्याला दिसत असतं. हातघाईवर येतं त्या क्षणी दिग्दर्शिका जस्टिन त्रिए आपल्याला परत न्यायालयात आणून बसवते. आता फक्त आवाज. कुणी कुणाला मारलं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. नवऱ्याच्या मृत्यूचा आरोप असलेल्या बायकोचं काम करणाऱ्या सँड्रा ह्युलरच्या चेहऱ्यावरूनही मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आणि त्यातल्या कुत्र्याचं काम भल्याभल्यांना जमणार नाही असं आहे, थट्टा नाही.

एकच पाहणार असाल तर 'कोर्ट' पाहा.