गिळायचा फुगा
प्रश्न : माझे वजन ९८ किलो आहे. वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रियेशिवाय, नुसती कॅप्सूल गिळून पोटात फुगा बसवता येतो, हे खरे का? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : होय. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली, की तिला जोडलेल्या बारीक नळीचे टोक तोंडाबाहेर राहते. एक्स-रेने जागेची खात्री करून त्या नळीतून सुमारे ५५० मिलिलिटर द्रव, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीहून थोडा अधिक, फुग्यात भरतात आणि नळी ओढून काढतात. भूल किंवा दुर्बीण सहसा लागत नाही. साधारण १६ आठवड्यांनी झडप आपोआप उघडून फुगा रिकामा होतो व बहुधा शौचावाटे बाहेर पडतो. पहिले काही दिवस मळमळ, उलट्या, पोटात कळा येणे नेहमीचेच. जाहिरातींत मात्र हे ठळक नसते. जठराची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असेल, तर डॉक्टरांना ते आधीच सांगावे.