मुलाला रेस्क्यू टीममध्येच राहायचंय, मग पोटापाण्याचं काय?

नमस्कार ताई,

तुमचा मुलगा बारावी सायन्स झालाय, खोपोलीच्या रेस्क्यू टीमबरोबर डोंगरात जातो, रात्री कधीही फोन आला की बूट चढवून बाहेर, आणि आता म्हणतो इंजिनिअरिंग नको, मला हेच करायचंय. त्यावरून त्याच्या बाबांनी अबोला धरलाय, आणि यात करिअर आहे का असं तुम्ही विचारलंय. स्पष्टच सांगते, या टीममध्ये पगार नाही, कधीच नव्हता. पण म्हणून त्याला टीम सोडायला लावू नका.

आपल्याकडे हे काम उभं राहिलं ते ट्रेकिंग क्लबांमधून. पूर्वी कड्यावरून कुणी पडलं की गावकरी बांबूला घोंगडी बांधायचे आणि झोळी करून माणूस खाली आणायचे, मग क्लबची पोरं रोप म्हणजे गिर्यारोहणाचा दोर घेऊन यायला लागली, पोलिसही त्यांनाच हाक मारायला लागले कारण वाटा त्यांनाच माहीत. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, तुमच्या खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स, सगळे असेच तयार झालेत. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, 30 जणांचा जीव गेला, तेव्हा एनडीआरएफच्या (केंद्र सरकारच्या आपत्ती मदत दलाच्या) बरोबरीने दोर लावून दरीत उतरलेल्यांत हे आसपासचे ट्रेकर्स होते. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली, वर जायला गाडीरस्ताच नव्हता त्यामुळे जेसीबी नेता आला नाही, हातानं माती उपसावी लागली, तिथेही रात्रीच चढलेल्यांत खोपोलीची पोरं होती.

या टीममधली माणसं कोण असतात ते बघा ना. कुणाचं दुकान, कुणी शिक्षक, कुणी कंपनीत शिफ्टला. जखमीच्या घरच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत हा दंडक आहे आणि तो पाळता येतो कारण घर दुसऱ्या कमाईवर चालतं. नवीन पोराला लगेच कड्यावर सोडत नाहीत, आधी सामान वाहायचं, रोप धुवून वाळवायचा, त्याची गुंडाळी नीट करायची. मग स्ट्रेचर. ओल्या कातळावरून उतरताना स्ट्रेचरला मागून रोप बांधून कुणीतरी धरून ठेवतो, आजूबाजूला सहा-आठ जण, हात भरून आले की चालता चालता माणसं बदलायची पण शक्यतो स्ट्रेचर खाली टेकवायचा नाही. हे शिकलेला मुलगा वाया गेलाय असं त्याच्या बाबांनी प्लीज म्हणू नये.

आता कमाईचं. एनडीआरएफमध्ये थेट भरती नसते, तिथे बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी वगैरे दलांतून माणसं डेप्युटेशनवर (ठरावीक काळासाठी) येतात, म्हणजे आधी त्या दलाची परीक्षा. तळेगावजवळ सुदुंबरेला त्यांची पाचवी बटालियन आहे. फायर ब्रिगेड मला याच्यासाठी जास्त जवळचं वाटतं, कारण पगार आहे, काम त्याच्या आवडीचं आहे, आणि इंजिनिअरिंग अगदीच नको म्हणत नसेल तर नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजमध्ये फायर इंजिनिअरिंगची डिग्री आहे, त्यातून तोडगा निघू शकतो. पॅरामेडिकचा कोर्सही वाईट नाही, टीमला त्याचा लगेच उपयोग. आणि यातलं काहीच नको असेल तर साधं बीएससी करून नोकरी करत टीममध्ये राहू दे, बहुतेक जण तसंच करतात.

गिर्यारोहणाचं शिक्षण मात्र त्यानं रीतसर घ्यावं. उत्तरकाशीची निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग), दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट), मनालीची गिर्यारोहण संस्था, यांपैकी कुठेही आधी बेसिक कोर्स, त्यात ए ग्रेड मिळाली तरच ॲडव्हान्स, निममध्ये पुढे सर्च अँड रेस्क्यूचा वेगळा कोर्स आहे.

तुमची भीती मला कळते, रात्री दीडला मुलगा दरीत उतरतोय म्हटल्यावर कुठल्या आईला झोप येईल. म्हणून टीमच्या सीनियर्सना घरी चहाला बोलवा, बाबांनाही बसवा, आणि सरळ विचारा, विमा आहे का, याला कुठपर्यंत पुढे पाठवता, डेड बॉडी काढायला एवढ्या लहान पोरांना नेता का, नेलंत तर नंतर त्यांच्याशी कोण बोलतं. चांगली टीम अशा प्रश्नांचा राग धरत नाही. बेसिकच्या जागा फार आधी भरतात, तेव्हा कॉलेजची ॲडमिशन झाली की लगेच तोही फॉर्म भरायला सांगा.