उंची १६६.५, वजन ४९: कुठली भरती धरायची, कुठली सोडायची

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. वय २०, बारावी सायन्स, उंची १६६.५, वजन ४९, छाती ७७ फुगवून ८१, डोक्यात फक्त आर्मी जीडी (जनरल ड्युटी, म्हणजे साधा सैनिक), मामा फौजेत होता म्हणून सूट मिळेल का विचारतोयस, अकॅडमीवाला म्हणतोय पावडरचा तीन महिन्यांचा कोर्स घे उंची दोन सेंमी वाढेल, आणि शेवटी एका ओळीत बहिणीचं, तिची १५६ आहे तर तिने पीएसआयची तयारी करावी का. मी फौजेतून रिटायर होऊन आता सकाळी गावच्या ग्राउंडवर पोरांना पळवतो, त्यामुळे हेच प्रश्न रोज ऐकतो. उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पहिलं पावडरचं. घेऊ नकोस, विषय संपला. उंची वाढते ती हाडांच्या टोकाला जी वाढीची कूर्चा असते तिथून, आणि ती मुलांची साधारण सतरा-अठराला बंद होत येते, मुलींची त्याच्याही दोनेक वर्षं आधी. एकदा ती बंद झाली की पावडर, गोळी, बूट, मशीन कशाने काही होत नाही. तुला फारच शंका असेल तर हाडाच्या डॉक्टरकडे जाऊन मनगटाचा एक्सरे काढ, तो बघून सांगेल वाढ शिल्लक आहे का संपली, आणि हा खर्च त्या कोर्सपेक्षा कितीतरी कमी आहे. बारला लटकण्याचं पण तसंच, मणका तेवढ्यापुरता सैल होतो, चालायला लागलास की परत जागेवर. लटक, पण पुलअप्ससाठी लटक.

आता मुख्य मुद्दा. उंची ही बदलायची गोष्ट नाही, ती बघून भरती निवडायची गोष्ट आहे. वजन आणि छाती मात्र तुझ्या हातात आहे. आपली पोरं नेमकं उलटं करतात, जे हलणार नाही त्याच्यावर दोन-दोन वर्षं घालवतात आणि जे महिन्या-दोन महिन्यांत सुधारेल तिकडे बघत पण नाहीत.

आधी उंची नीट मोज. तू लिहिलंयस की संध्याकाळी ग्राउंडवरून आल्यावर शिंप्याच्या टेपने मोजली. अरे दिवसभर उभं राहून, पळून मणक्यातल्या चकत्या दबतात, सकाळ आणि संध्याकाळच्या उंचीत एक ते दीड सेंमीचा फरक पडतो, आणि त्यातला बराचसा तर उठल्यावर पहिल्या तासाभरातच जातो. त्यात कापडी टेप जुना झाला की ताणतो. स्टीलचा टेप घे, अनवाणी भिंतीला टाच, ढुंगण, पाठ टेकव, नजर सरळ समोर (हनुवटी वर केली की उंची कमी भरते, पोरांना वाटतं वाढते), डोक्यावर गुण्या किंवा जाड पुस्तक काटकोनात ठेव आणि दुसऱ्याला खूण करायला सांग. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, असं तीन-चार दिवस. जो सगळ्यात कमी आकडा येईल तो तुझा आकडा समज, भरतीवाले तुला अंथरुणातून उठवून मोजणार नाहीत.

म्हणूनच काठावरच्या पोरांना मी सांगतो की रात्रभर एसटीत बसून थेट ग्राउंडवर जाऊ नका, आदल्या दिवशी पोचा, लॉजवर नाहीतर नातेवाईकाकडे आडवे व्हा. आणि केसात मेण, विग असले उद्योग करणारे पकडले जातात, गुन्हा दाखल होतो, पेपरात नाव येतं, त्या वाटेला जायचंच नाही.

आता तुझ्या १६६.५ ला काय काय बसतं ते बघू.

आर्मी अग्निवीर जीडीला महाराष्ट्रातल्या पोरांना १६८ लागते, ट्रेड्समनला पण १६८. तू सकाळी उठल्या उठल्या मोजलीस तरी फार तर १६८ च्या काठावर जाशील, ग्राउंडवर पोचेपर्यंत ती राहत नाही. सूट आहे, पण ती सैनिकाच्या किंवा माजी सैनिकाच्या मुलाला, उंचीत २ सेंमी, छातीत १ सेंमी, वजनात २ किलो. मामाची सर्व्हिस तिथे चालत नाही. खेळाडूंना पण सूट असते पण त्याला त्या लेव्हलची सर्टिफिकेटं लागतात, तालुक्याच्या कबड्डीची नाही. उगाच मनाला लावून घेऊ नकोस, हे आकडे भागाप्रमाणे ठरवलेले आहेत, पंजाब हरियाणाच्या पोराला १७० लागते आणि गोरखा, लडाखी पोराला १५७ वर घेतात. आणि गोरखा पलटणींनी काय केलंय ते सगळ्या जगाला माहितीये, म्हणजे उंचीवर मर्दुमकी ठरत नाही, फक्त फॉर्म ठरतो.

आर्मीच पाहिजे असेल तर क्लार्क आणि स्टोअरकीपरला १६२ लागते, त्यात तू आरामात बसतोस. पण तिथे बारावीला एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० लागतात, इंग्रजी आणि गणित किंवा अकाउंट्स पाहिजेच. नेव्हीला १५७, एअरफोर्सला १५२, दोन्हीत उंचीचा प्रश्नच नाही, बारावी सायन्सवाल्याने तिकडे न बघणं मला तरी कळत नाही. गावात सगळे जीडी जीडी करतात म्हणून तू पण करतोयस बहुतेक.

महाराष्ट्र पोलीस शिपाई १६५, बसतोस. एसआरपीएफला, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाला, मात्र १६८ आहे, दोन्ही एकच समजून फॉर्म भरणारी पोरं दरवर्षी दिसतात, मग मोजणीच्या रांगेतूनच घरी.

एसएससी जीडी, म्हणजे केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ वगैरे दलांची शिपाई भरती, त्याला सर्वसाधारण १७०. हे वाचून लय पोरं पान उलटतात. पुढे वाचा की! गढवाली, कुमाऊंनी, डोगरा यांच्याबरोबर मराठा असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि त्यांना १६५ चालते, छाती ८० च्या ऐवजी ७८. आदिवासी उमेदवाराला १६२.५ आणि छाती ७६. तू यात मोडत असशील तर जाहिरातीत शेवटी त्या सवलतीच्या दाखल्याचा नमुना दिलेला असतो, त्याच नमुन्यात जिल्ह्यातल्या सक्षम अधिकाऱ्याकडून दाखला काढून ठेव. आरक्षणाचं सर्टिफिकेट वेगळं आणि हा दाखला वेगळा, तिथे उभं राहून वाद घालून उपयोग होत नाही. आणि मोजमाप चुकीचं घेतलं असं वाटलं तर त्याच ग्राउंडवर अपील करता येतं, घरी येऊन फोन करून काही होत नसतं.

वजन. १६६.५ ला ४९ म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) पावणेअठराच्या आसपास, निदान १८.५ पाहिजे, तिथे पोचायला तुला सव्वाएक्कावन्न किलो तरी पाहिजे, मी म्हणेन ५४-५५ कर. आर्मीत वजन उंची आणि वयाच्या प्रमाणात बघतात. पोलीस शिपायाच्या जाहिरातीत किलोचा आकडा नसतो म्हणून पोरं खूश होतात, पण तिथे तुझं वजन वजनकाटा नाही तर गोळा विचारतो. ७.२६० किलोचा गोळा आहे, ४९ किलोच्या पोराच्या हातून तो जातो किती लांब? ग्राउंड ५० मार्काचं, त्यात १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळ्याला १५. निम्मे मार्क पाहिजेतच आणि लेखीला एका जागेला दहाच पोरं घेतात, त्यामुळे नुसता पळणारा हडकुळा पोरगा गोळ्यात मागे पडला की लेखीपर्यंत पोचतच नाही.

वजन मोजायच्या आधी डझनभर केळी आणि दोन लिटर पाणी हा जुना फंडा आहे, करू नकोस. वजन वाढेल तेवढ्यापुरतं, आणि मग पळताना ओकशील. सकाळी उपाशीपोटी पळतोस आणि मग शेतावर जातोस असं लिहिलंयस ना, तिथेच घोळ आहे. पळून आल्यावर अर्ध्या तासात भिजवलेले शेंगदाणे, हरभरे, गूळ, दूध. रोज तीन-चार अंडी, खात नसशील तर उसळ आणि दही जास्त. जेवणात एक भाकरी वाढव. आठवड्यातून तीनच दिवस जोरात पळ, बाकीच्या दिवशी दंड, बैठका, पुलअप्स आणि गोळा. महिन्याला दीड-दोन किलो वाढलं तर बरोबर चाललंय. डब्यातलं प्रोटीन परवडत असेल तर घे पण ग्राउंडवर कुणी इंजेक्शन किंवा पळायची गोळी देत असेल तर त्याच्यापासून लांब. २०२४ ला झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर पळताना दहाहून जास्त पोरं दगावली, ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात. पोरं तशीही जीव तोडून पळतात, त्यात आणखी औषध घालू नका.

छाती पोलीसला ७९ आणि फुगवून ५ जास्त पाहिजे, तुझी ७७ आणि ४, म्हणजे दोन्हीकडे कमी. पण ही भरते. दंड आणि पुलअप्सने पाठ रुंद झाली की आकडा वाढतो, आणि फुगवण्यासाठी रोज दहा मिनिटं खोल श्वास घेऊन बरगड्या बाजूला उघडायची प्रॅक्टिस कर. बहुतेक पोरं खांदे वर उचलतात आणि पोट फुगवतात, त्याने टेप हलत नाही. आरशासमोर कर, मित्राला टेप धरायला लाव.

बहिणीचं. १५६ ला पोलीस शिपाई बसते, तिथे मुलींना १५५ आहे आणि छाती मोजत नाहीत. चालक पदाला १५८, ते नाही. एसएससी जीडीला १५७, सवलतीत असेल तर १५५. आणि पीएसआयला १५७ लागते, म्हणजे एका सेंमीने बाहेर. तिची पण आधी नीट मोज, कारण तू तुझ्यासारखीच मोजली असशील तर काय सांगता येत नाही. खरंच १५६ निघाली तर पीएसआयचा अट्टाहास नको, एसटीआय (राज्य कर निरीक्षक) आणि एएसओला (सहाय्यक कक्ष अधिकारी) उंचीची अट नाही, अभ्यास बराचसा तोच आहे, तिला आत्ताच सांग, तीन वर्षं क्लास लावून झाल्यावर नाही.

तुझे बारावीचे विषयवार मार्क टाक, इंग्रजी आणि गणिताचे खास, मग क्लार्कचा फॉर्म भरायचा का नेव्हीचा ते बोलू. जाहिरात आली की त्या वर्षीची पीडीएफ स्वतः वाच, अकॅडमीवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर जाऊ नकोस.